पान सातवरचं एक मत

मी पान क्रमांक सातचा प्रमुख आहे. पक्षाच्या घटनेत या पदाची व्याख्या आहे, अधिकार नाहीत. मतदारयादीचं एक पान एका कार्यकर्त्याच्या ताब्यात द्यायचं, त्या पानावरच्या बेचाळीस नावांची सुखदुःखं, दुखणी आणि रुसवेफुगवे त्याने तोंडपाठ ठेवायचे, आणि मतदानाच्या दिवशी ती बेचाळीस माणसं पेटीपर्यंत पोहोचतील एवढं पाहायचं, अशी ही व्यवस्था आहे. आमच्या गावात प्रत्येक पानाची मतपेटी वेगळी असते. मतदान अर्थातच गुप्त असतं. फक्त ते पानापानाने गुप्त असतं.

नोकरीत असताना मी वजनमापे खात्यात होतो. छत्तीस वर्षं लोकांचे तराजू तपासले. कोणत्या दुकानदाराचा काटा कुठल्या बाजूला किती झुकतो, हे मला रस्त्यावरून चालता चालता कळायचं. निरीक्षकाचा स्वतःचा काटा कोणी तपासायचा, याबद्दल खात्याच्या नियमावलीत काही तरतूद नव्हती.

पान सातवर पहिलं नाव माझं, दुसरं आमच्या हिचं, आणि शेवटचं, बेचाळिसावं, कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याचं. तिथे पान संपतं. त्याच्या बायकोचं नाव आठव्या पानावर पहिलं आहे. एका छताखाली राहणाऱ्या नवराबायकोची ही ताटातूट छापखान्याने केली होती, तिच्याशी राजकारणाचा काही संबंध नव्हता.

पाच वर्षांपूर्वी निवडणूक लागली तेव्हा पान सातची बैठक माझ्याच ओसरीवर झाली. आमचा आधीचा सदस्य सभागृहात पाच वर्षं नुसता हात वर करत होता. एकदा तर पंखा लावायला म्हणून हात वर गेला आणि पाणीपट्टी वाढली. लोक वैतागले होते.

"आपल्याला असा माणूस पाहिजे," बेकरीवाला म्हणाला, "ज्याला स्वतःचं डोकं आहे."

"आणि कणा," क्लासवाल्या बाई म्हणाल्या. "डोकं आहे पण कणा नाही, असे माझ्या वर्गात पुष्कळ आहेत."

ठराव एकमताने मंजूर झाला. म्हणजे आधी सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मग मी हात वर केला, मग सगळ्यांनी केला. स्वतंत्र बाण्याचा माणूस मागणारा ठराव आम्ही अशा रीतीने केला.

चष्मेवाल्याचं नाव मीच सुचवलं. माणूस सरळ, कमी बोलणारा, गिऱ्हाइकाला "तुम्हाला चष्म्याची गरज नाही" असं तोंडावर सांगून परत पाठवणारा. शिवाय त्याचा धंदाच बारीक अक्षरं वाचण्याचा. पक्षालाही तेव्हा प्रचारपत्रकावर छापायला एखादा स्वच्छ चेहरा हवा होताच. तो निवडून आला. पान सातवर त्याला बेचाळीसपैकी बेचाळीस मतं पडली आणि पक्षाने मला प्रशस्तिपत्र दिलं. ते मी भिंतीवर लावलं.

आता सभागृहातली एक पद्धत सांगायला हवी. आमच्या पक्षाच्या सदस्यांना कुठल्या ठरावावर काय करायचं हे आधी सांगत नाहीत, कारण आधी सांगितलं तर चर्चा होते. अध्यक्षसाहेब पहिल्या रांगेत बसतात. त्यांनी चष्मा काढला की हात वर, चष्मा नाकावर राहिला की हात मांडीवर. ही पद्धत बावीस वर्षं बिनतक्रार चालू आहे. साहेबांचा चष्मा आमच्या चष्मेवाल्यानेच बनवलेला. तो काढल्यावर साहेबांना हातभर अंतरावरचंही दिसत नाही, कोणी हात वर केला आणि कोणी नाही हे त्यांना कधीच कळत नाही, ही गोष्ट सबंध गावात त्या एकट्यालाच ठाऊक होती.

तरी पहिली दोन वर्षं त्याचा हात वेळेवर वर जात होता. मी खात्री करून घ्यायचो.

मग ठराव क्रमांक एकशे अठरा आला. विषय होता, "आरोग्यसेवेचे सुलभीकरण व परिसराचे सुशोभीकरण". आमच्या रस्त्याच्या तोंडाशी एक स्वागतकमान उभी करायची होती. इतर सदस्यांनी मथळा वाचला. चष्मेवाल्याने सवयीप्रमाणे सगळ्यात खालची ओळ वाचली. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं : "सदर जागेवरील दवाखाना अन्यत्र हलविण्यात येईल अथवा येणार नाही."

तो दवाखाना म्हणजे आमच्या हिचा दवाखाना. तसा तो सार्वजनिक आहे, पण हिच्या गुडघ्यांमुळे तो घरचाच झालेला. आठवड्यातून तीनदा ती शेक घ्यायला जाते. दारापासून नव्वद पावलं. तो बंद झाला तर पुढचा दवाखाना मोठ्या रस्त्यापलीकडे, आणि मध्ये पादचारी पूल. पुलाला चौसष्ट पायऱ्या. मी मोजल्या आहेत, मोजणं हा माझा जन्माचा धंदा.

साहेबांनी चष्मा काढला. हात वर गेले. चष्मेवाल्याचा गेला नाही. सभापतींनी विचारलं, "विरोधात कोण?" तेव्हा त्याचा गेला. त्याच्या दोन्ही बाजूंचे सदस्य डुलक्या घेत होते. शेजारच्याचा हात वर गेला म्हणजे चष्मा निघाला, एवढा हिशेब त्यांना झोपेतही कळायचा. त्यांनीही हात वर केले. ठराव एका मताने पडला.

त्या संध्याकाळी रस्त्यावर आनंदीआनंद होता. आमच्या हिने चष्मेवाल्याच्या पाठीवरून हात फिरवला. बेकरीवाल्याने त्याला अख्खा केक दिला, त्यावर साखरेने "शाब्बास" लिहिलेलं. इथवर सगळं ठीक होतं.

दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षाच्या नेत्याने जाहीर सभेत त्याचं कौतुक केलं. "असा एक तरी माणूस आमच्याकडे असता," असं तो म्हणाला म्हणे. हे मात्र आमच्यापैकी कोणालाच रुचलं नाही. आपल्या माणसाने चांगलं काम केलं तर आपण सहन करतो, पण ते त्या लोकांना आवडावं हे कसं चालेल? ज्याला ते चांगला म्हणतात त्याच्यात काहीतरी खोट असणारच. एवढी वर्षं तराजू तपासलेला मी, मला ही खोट लगेच दिसली. कशात होती ते मात्र सांगता येईना.

पुन्हा माझ्या ओसरीवर बैठक भरली.

"चूक काय केली म्हणाल तर चूक काहीच नाही," बेकरीवाला म्हणाला. "तेच तर जास्त लागतं मनाला."

"आज दवाखाना वाचवला," क्लासवाल्या बाई म्हणाल्या, "उद्या आणखी काही वाचवेल. परवा आणखी. याला काही धरबंध?"

"दवाखाना वाचवायला हरकत नव्हती," मी समारोप केला, "पण पक्षाला विचारून वाचवायला हवा होता."

"पक्षच तर पाडत होता ना तो?" आतून आमच्या हिचा आवाज आला.

"म्हणूनच तर विचारायला हवं होतं," मी म्हणालो. सगळ्यांनी माना हलवल्या. त्या दिवसापासून "आपला चष्मेवाला" जाऊन "तो चष्मेवाला" झाला. कोणी ठराव केला नव्हता, आपोआप झालं.

पक्षाने या प्रकरणातून धडा घेतला आणि सदस्यांच्या स्वतंत्र विचारांना रीतसर वाव देण्याचं ठरवलं. त्यासाठी अर्जाचा नमुना तयार करायचं काम माझ्याकडे आलं, कारण सरकारी मराठी लिहिता येणारा मी एकटाच. नमुना मी जीव ओतून केला. "स्वतंत्र विचार करण्यास पूर्वपरवानगी मिळणेबाबत" असा मथळा, तीन प्रती, विचार येण्यापूर्वी किमान पंधरा दिवस अगोदर सादर. रकाने असे : विचाराचा विषय. विचार येण्याचा अंदाजे दिनांक. विचार किती काळ टिकेल. सदर विचार यापूर्वी वरिष्ठांना आला होता काय. नसल्यास अर्जदारास तो का यावा.

चष्मेवाल्याने तो अर्ज भरला. विषय, दवाखाना. दिनांक, येऊन गेला. किती काळ टिकेल या रकान्यात त्याने लिहिलं, "काकूंचे गुडघे आहेत तोवर." अर्ज मुदतीनंतर आल्यामुळे फेटाळण्यात आला. फेटाळल्याचं पत्र मीच लिहिलं आणि मीच नेऊन दिलं. त्याने ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि म्हणाला, "काका, एका ठिकाणी विरामचिन्ह राहिलंय." मला त्याचा राग आला. खरं सांगायचं तर लाज वाटली होती, पण राग जास्त सोयीचा होता.

यंदाच्या निवडणुकीत पक्षाने त्याला डावललं आणि साहेबांच्या भाच्याला उभं केलं. भाच्याची दृष्टी उत्तम आहे, साहेबांचा चष्मा त्याला शेवटच्या रांगेतूनही दिसतो. चष्मेवाला अपक्ष उभा राहिला. घरोघर पायी फिरला. प्रत्येक दारात त्याला चहा मिळाला. "तुझ्यासारखी माणसंच राहिली नाहीत," असं बेकरीवाला त्याला म्हणाला आणि खिडकीत भाच्याचं पत्रक तसंच लावलेलं राहिलं. पलीकडच्या गल्लीतले विरोधी पक्षाचे लोकही म्हणाले, "माणूस सोन्यासारखा, पण शेवटी त्यांच्यातलाच."

माझ्याही दारात तो आला.

"काका, तुमचं काय?"

"अरे, हे काय विचारणं झालं?" मी म्हणालो. हे उत्तर मी छत्तीस वर्षांच्या नोकरीत शिकलो. त्यात होही नसतं आणि नाहीही नसतं.

मतदानाच्या दिवशी मी पेटीसमोर उभा राहिलो. मनात दवाखाना होता, चौसष्ट पायऱ्या होत्या, हिचे गुडघे होते. मग विचार केला, दवाखान्यासाठी बाकीचे एक्केचाळीस जण त्याला मत देणारच आहेत. तो निवडून येतोच आहे. मग माझ्या एकट्याचं मत पक्षाला गेलं तर काय बिघडलं? दवाखानाही राहील आणि भिंतीवरचं प्रशस्तिपत्रही. काटा मी असा समतोल केला आणि शिक्का भाच्यावर मारला.

पान सातची पेटी उघडली. भाचा एक्केचाळीस. चष्मेवाला एक.

नव्या सभागृहाच्या पहिल्याच बैठकीत ठराव क्रमांक एकशे अठरा पुन्हा आला आणि तीन मिनिटांत मंजूर झाला. दवाखाना "अन्यत्र हलविण्यात आला". कुठे, ते अजून कळलेलं नाही. कमान मात्र झाली. तिच्यावर "आपले सहर्ष स्वागत" असं लिहिलं आहे, आणि तिच्याखालून आमची ही आठवड्यातून तीनदा पुलाकडे जाते. पुलावर ती दर आठ पायऱ्यांनी थांबते. मी पिशवी धरून एक पायरी खाली उभा राहतो.

"तू त्याला दिलं नाहीस?" मी एकदा तिथेच विचारलं.

"तुम्ही देणारच होतात ना," ती कठडा धरून म्हणाली. "म्हटलं, घरातलं एक तरी पक्षाला राहू दे. नाहीतर तुमचं ते प्रशस्तिपत्र काढून नेतील." मग थोडं थांबून, "म्हणजे तुम्हीही नाही?"  उरलेल्या चाळीस पायऱ्या आम्ही दर आठांनी थांबत चढलो.

दरम्यान पान सातवर एक नवीच गोष्ट घडत होती. बेकरीवाल्याने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "कुणाला बोलू नका, ते एक मत माझं होतं." क्लासवाल्या बाईंनी डोळ्यांत पाणी आणून तेच सांगितलं. पंधरा दिवसांत एकेक करून पानावरचे एकोणचाळीस जण सांगून गेले. पानप्रमुख या नात्याने मी एक वही केली आणि दावे नोंदवायला सुरुवात केली. नाव, यादीतला क्रमांक, दाव्याचा दिनांक, सही. हिने पूल उतरताना एक दिवस म्हटलं, "माझंही लिहा. नाहीतर बरं दिसत नाही." चाळीस झाले. एक्केचाळिसावी सही मी माझी केली. मग वही काखेत मारून चष्मेवाल्याच्या दुकानात गेलो.

तो एका भिंगाची कड घासत बसला होता. मी इकडचं तिकडचं बोललो, चष्म्याची काडी घट्ट करून घेतली, आणि निघता निघता, तोंडातून निघत नव्हतं तरी, म्हणालो, "एक सांगायचं होतं. ते जे एक मत पडलं ना तुला... ते माझं होतं."

त्याने भिंग उजेडाकडे धरून पाहिलं. 

"असं होय," तो म्हणाला. "काका, मला आपलं वाटत होतं, ते माझं होतं."

मी तसाच घरी आलो. पान सातवर शेवटचं नाव त्याचंच आहे, हे ते पान पाच वर्षं पाठ असलेल्या माणसाच्या लक्षात आलं नव्हतं. आठव्या पानाच्या पेटीतही त्याला एकच मत निघालं होतं, हेही मला तेव्हा आठवलं. तिथल्या पानप्रमुखानेही आता वही केली आहे म्हणतात.

माझ्या वहीत बेचाळिसावी ओळ अजून कोरी आहे. ज्याचं मत होतं, त्याने दावा सांगितलेला नाही आणि तो सांगेल असं वाटत नाही. तेव्हा तुम्ही, जे हे वाचताना हळहळलात, आम्हाला मनातल्या मनात चार शिव्याही घातल्यात, आणि आपण तिथे असतो तर त्यालाच मत दिलं असतं अशी खात्री बाळगून आहात, ते तुम्ही या एकदा. ओसरीवर वही ठेवली आहे, पेन दोऱ्याने बांधलेलं आहे. सही खाली, शेवटच्या ओळीत करा.