भाऊजींची भुणभुण

आमच्या शेजारच्या खरबडे भाऊजींकडे डब्यात घालून काही पाठवू नये. चिवडा पाठवा, सांभारवडी पाठवा, भाऊजी आवडीनं खातील, खाल्ल्यावर भिंतीपलीकडून ओरडून सांगतीलसुद्धा की मीठ जरा कमी पडलं. पण डबा परत येणार नाही. आलाच तर त्याला पाच भोकं पडलेली असतील. डबा ॲल्युमिनियमचा असला तर संपलंच, कारण त्याला भोकं लवकर पडतात. माझे तीन डबे गेले. तिसऱ्याच्या झाकणावर माझं नाव कोरलेलं होतं. शकुंतलामधला अनुस्वार जिथं होता, तिथं आता पायानं दाबायचं बटण आहे.

तर या भोकांचं काय ते आधी सांगते. भाऊजी बेस गिटार वाजवतात. बेस गिटार म्हणजे चार जाड तारांची. तिचा आवाज कानात शिरत नाही, पोटात शिरतो. माझ्या मांडणीवरची भांडी तिच्यासोबत बोलतात. आमचे हे म्हणतात, आपल्या शेजारी भूकंप भाड्यानं राहून राहिला. गिटार अन् स्पीकरच्या मधे एक छोटी पेटी जोडायची, तिला पेडल म्हणतात. पायानं तिचं बटण दाबलं की आवाज फाटतो, फुगतो, नाही तर विहिरीतून आल्यासारखा येतो. ही पेटी बाजारात तयार मिळते. भाऊजी ती घरी करतात, माझ्या डब्यात.

मी एकदा विचारलं, चांगला आवाज फाडायचा काहून? भाऊजी म्हणाले, "वहिनी, पापड कच्चा खाता का तुम्ही? भाजताच ना?" मला पटलं. त्यांचं असंच असतं. वेडेपणा सगळा, पण विचारायला गेलं की पटतं.

भाऊजी सरकारी कचेरीत कालव्यांचे नकाशे काढायचे. पस्तीस वर्षं एका उंच स्टुलावर बसले, त्यामुळे की काय, निवृत्त झाल्यावर त्यांनी बसणंच सोडलं. आमच्याकडे आले की खुर्चीवर टेकतात, चहाचा घोट घेतात, उठतात, खिडकीतून बघतात, पंख्याच्या रेग्युलेटरला कान लावतात, परत टेकतात. अर्धा कप झाला की, "चला, एवढं एक राहिलं," म्हणून निघालेच. काय राहिलं ते कधी कळत नाही. हे त्यांचं ठरलेलं वाक्य आहे. समता कॉलनीतल्या आमच्या गल्लीत त्यांच्या चपलांचा फटफट आवाज दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू असतो. उरलेल्या अर्ध्या कपांचा चहा मी तुळशीला घालत नाही, साखर असते म्हणून. नाही तर तुळस केव्हाच आडवी झाली असती.

गिटार त्यांच्या मुलीची, चिनूची. कॉलेजात असताना पोट्टीनं हट्ट करून घेतली, पोरापोरींच्या बँडमध्ये वाजवायची, हात चांगला होता तिचा. मग नोकरी लागून बंगलोरला गेली अन् गिटार कपाटावर राहिली. तीन वर्षांपूर्वी कुंदा गेली. कुंदा म्हणजे भाऊजींची बायको, माझी मैत्रीण. तेराव्यानंतर चिनू बाबांना घेऊन गेली. दोन महिन्यांत भाऊजी एकटेच परत आले, कपाटावरून गिटार काढली, तिची धूळ पुसली अन् आमची भांडी बोलायला लागली.

वाजवणं ते फोनवर बघून शिकले. कथिलाचे जोड देणं मात्र फोनवर बघून येत नाही. त्यासाठी विजेवर तापणारी एक सळई असते, तिच्या टोकावर कथिलाची तार लावली की पाण्यासारखी वितळते, अन् त्या थेंबानं बारीक बारीक तुकडे एकमेकांना चिकटवायचे. पहिले सहा महिने भाऊजींनी स्वतःलाच डाग दिले. बोटं, टेबलक्लॉथ, एक पायजमा. कुंदाच्या हातच्या विणलेल्या रुमालाला बरोबर मधे गोल भोक पडलं, तेव्हा दोन दिवस गल्लीत फटफट ऐकू आली नाही.

पहिलं पेडल झालं त्या दिवशी मला अन् ह्यांना बोलावलं. बटण दाबलं, अन् स्पीकरमधून कोणीतरी गंभीर आवाजात धानावरच्या तुडतुड्यांचा बंदोबस्त सांगू लागलं. जोड कच्चे राहिले तर पेडल रेडिओ पकडतं म्हणे. भाऊजी कपाळाला हात लावून उभे. आमच्या ह्यांची अभनपूरकडे थोडी शेती आहे, ते म्हणाले, "थांब मनोहर, बंद नको करू, औषधाचं नाव लिहून घेऊ दे."

दुसरं पेडल नुसतं गरम झालं. तिसरं, म्हणजे माझ्या नावाचं, वाजलं. छान वाजलं, खरंच पापडासारखं. पण त्याला भुणभुण होती. कोणी काही वाजवो न वाजवो, आतमधे मोठी गोमाशी कोंडल्यासारखा आवाज. भाऊजींचं म्हणणं, त्यांचे कान साठीच्या पुढचे, त्यांचा भरवसा नाही, तपासायला दुसरं माणूस पाहिजे. ते माणूस मी. माझे कान त्यांच्याहून तीन वर्षं जुने, पण हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

रीत अशी ठरली. त्यांचं टेबल अन् माझा ओटा एकाच भिंतीला दोन बाजूंनी लागून. त्यांनी तिकडून पेडल चालू करायचं अन् ओरडायचं, "वहिनी, येते का?" मी पोळ्या लाटत असले तर लाटण्यानंच भिंतीवर मारायचं. भुणभुण येत असेल तर एकदा, गेली असेल तर दोनदा. दिवाळीपासून मी रोज एकदाच मारत होते. भिंतीचा तेवढा रंगही गेला.

दर रविवारी अकरा वाजता चिनूचा फोन. दोन्ही स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच बोळीत उघडतात अन् भाऊजी फोन स्पीकरवर ठेवून बोलतात, त्यामुळे तो फोन आम्हालाही येतो म्हणा ना. चिनूला मराठी सगळी कळते, उत्तर हिंदीत देते. "बाबा, हुआ क्या पेडल?" भाऊजी म्हणायचे, "थांब, काकूले विचारतो." मग "वहिनी, येते का?" अन् माझं एक लाटणं. "ऐकलं? एवढं एक राहिलं, बेटा." मला वाटायचं, बापलेकीचा खेळ आहे.

आता माझी चूक सांगते.

इतके महिने बघून बघून ते काम मला यायला लागलं होतं. सांडशीनं तारा धरून मीच द्यायची त्यांना. आधी दोन्ही धातू तापवायचे, कथील मागून. तेल तापल्याशिवाय मोहरी टाकत नाही तसंच. आमच्या टॉर्चचा तुटलेला जोड मी दिला, तर भाऊजी भिंग घेऊन बघत बसले, म्हणजे उभेच होते, अन् म्हणाले, "काय चमकून राहिला वहिनी, माझा असा एक नाही."

एका शुक्रवारी ते बीरगावला गेले. तिथल्या भंगारवाल्याकडे कारखान्यांतल्या जुन्या मशिनींचे सुटे भाग मिळतात, ते शोधणं हे त्यांचं शुक्रवारचं तीर्थ. घराची एक किल्ली माझ्याकडे असते. झाडांना पाणी घालायला गेले, तर टेबलावर माझा डबा उघडा. आत बघते, तर काळी तार सुटी. ही काळी तार डब्याच्या पत्र्याला जोडावी लागते, नाही तर घरातली सगळी वीज आत येऊन भुणभुण करते. हे मला भाऊजींनीच दहादा सांगितलेलं. म्हटलं, बघा, माणूस चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतो तसं झालं. एक गोष्ट दिसली मला तेव्हा. त्या तारेच्या टोकावर अन् पत्र्यावर जुनं कथील होतं, थरावर थर, जसं काही तिथं पुष्कळदा जोडून काढलं असावं. पण मला कुठली घाई झाली होती कोण जाणे. सळई तापवली, जोड दिला. चमकला. झाकण लावून चालू केलं, अन् सगळं शांत. इतकं शांत की नळाचा थेंब ऐकू आला.

संध्याकाळी भाऊजी परतले. मी ओट्याशी तयारच होते. तिकडून बटणाचा खटका ऐकू आला. "वहिनी, येते का?" मी लाटणं उचललं अन् दोनदा मारलं, चांगलं जोरात.

थोड्या वेळानं भाऊजी दारात. मी म्हटलं, या, आज शिरा करते, पेडल झालं तुमचं. ते आत आले, खुर्चीवर बसले. अन् बसूनच राहिले. पंख्याकडे गेले नाहीत, खिडकीकडे गेले नाहीत. चहा दिला, तर पूर्ण प्यायले. बशीत सांडलेलासुद्धा. आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवला. आम्ही त्यांना अठ्ठावीस वर्षं ओळखतो, त्यांनी पूर्ण संपवलेला कप आम्ही कधी पाहिला नव्हता.

"जोड कोणी दिला?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "चांगला दिला," म्हणाले. मग कपाकडेच बघत हळूहळू सगळं आलं बाहेर. दिवाळीत चिनू हटून बसली होती की बाबा, आता कायमचे चला, घर भाड्यानं देऊ. तिला नाही म्हणवेना. म्हणून म्हणाले, एवढं पेडल झालं की येतो. लेकीशी खोटं त्यांना कधी जमलं नाही. मग पेडल खरंच अर्धवट राहायला पाहिजे अन् त्याला साक्षीदारही पाहिजे. अधूनमधून तार जोडून एकदा वाजवून बघायचं, लगेच परत सोडायची, म्हणजे रोजही अन् रविवारीही माझं एकच लाटणं.

मी म्हटलं, अहो पण चिनू तर जीव लावते तुम्हाला, तिथं काय कमी आहे?

"कमी काहीच नाही, वहिनी. गिटारसुद्धा घेऊन देतो म्हणते. पण तिथं चौदावा माळा. काचा अशा की बंद केल्या का काही आत येत नाही, काही बाहेर जात नाही. दोन महिने होतो मी तिथं. एकदा जेवताना हातून ताट पडलं, किती मोठा आवाज झाला. कोणीच आलं नाही विचाराले." त्यांनी कप बशीवर ठेवला. "इथं माझा आवाज कोणाले तरी त्रास देते."

मी उठून त्यांचा रिकामा कप परत भरला.

मी म्हटलं, मी काढून टाकते तो जोड, आत्ता. ते नको म्हणाले. "इतका चांगला जोड तोडवत नाही." अन् गेले. त्या शनिवारी गल्लीत चपला वाजल्या नाहीत. मी तीनदा दार उघडून बघितलं. पोळ्या करपल्या दोन. हे म्हणाले, तू आता मनोहरसारखी फिरून राहिली.

रविवार आला. अकराला फोन वाजला, बोळीतून आवाज आला. तब्येत झाली, ऊन झालं, मग चिनूनं विचारलंच, "बाबा, पेडल हुआ क्या?"

मग बटणाचा खटका झाला. पलीकडे काहीच नव्हतं, गोमाशी नाही, काही नाही, माझा जोड पक्का होता. "थांब," भाऊजी म्हणाले, "काकूले विचारतो. वहिनी, येते का?" आवाज असा, की उत्तर त्यांना ठाऊक आहे अन् ते त्यांनी मान्यही केलंय.

मी लाटणं उचललं. रंग गेलेल्या जागेवर एकदा मारलं. अन् दुसरं मारायला हात वर जाऊ नये म्हणून लाटणं कणकेच्या परातीत खुपसून ठेवलं.

चिनूचे कान पक्के आहेत, बेस वाजवणाऱ्या पोरीचे. फोनमधून भुणभुण कळते की नाही ते तिलाच माहीत. मग ती एवढंच म्हणाली, "ठीक है बाबा. आराम से बनाइए. काकी को मेरा प्रणाम बोलना."

"हव," भाऊजी म्हणाले. अन् मग, "एवढं एक राहिलं, बेटा."

फोन बंद झाला. खुर्ची सरकली. दार उघडलं, अन् गल्लीत फटफट सुरू झाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी परातीतून लाटणं काढलं, धुतलं, अन् फळीवरचा शेवटचा ॲल्युमिनियमचा डबा खाली घेतला. चिवडा भरायला.