सकुबाईंची झाडलोट

मुरबाडला एस्टी स्टँडच्या मागे हरेशचा कॉम्प्युटर क्लास होता, टोकावड्याला बारकूशेठचा ढाबा होता आणि या दोन्हींच्या मध्ये हरेशचं लग्न अडकलं होतं. बारकूशेठची मुलगी रंजिता क्लासला यायची. दोघांचं जमलं आणि ते बारकूशेठच्या कानावर गेलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. दिवसभर पडद्याकडे बघत बसणारा माणूस बायकोला खायला काय घालणार, एवढंच विचारलं. त्यावर हरेश तिथल्या तिथे बोलून बसला, की ढाब्याची वेबसाइट करून दाखवतो, तिच्यावरून गिऱ्हाईक आलं तर लग्नाचं बोलू.

वेबसाइट झकास झाली. पहिल्याच पानावर चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या रंजिताचा हसरा फोटो, खाली ढाब्याचा पत्ता आणि ‘एकदा अवश्य भेट द्या’. आता या फाइली इंटरनेटवर चढवायला जागा हवी होती. शहापूरचा हनुमान हा हरेशचा दोस्त. तो समाजातल्या वधूवरांची वेबसाइट चालवायचा. त्याने आपल्या जागेत एक कोपऱ्यातला फोल्डर हरेशला दिला.

चढवायच्या दिवशी बारकूशेठ बायकोला, सकुबाईंना घेऊन, पिशवीत नारळ आणि अगरबत्ती घालून हजर झाले. हरेशने इंटरनेटसाठी फोनची लाइन जोडली, प्रोग्राम उघडला आणि दोघांना समजावलं. डाव्या बाजूला आपला कॉम्प्युटर, उजव्या बाजूला तिकडची जागा. इकडून उचलायचं आणि तिकडे ठेवायचं. उजवीकडे त्याने स्वतःच चाचणीसाठी चढवलेल्या दोन फाइली पडल्या होत्या. सकुबाईंनी त्या बरोबर हेरल्या.

"ह्यो केर कुनाचा?"

"माझाच हाय, मामी. ट्रायलचा."

"नव्या घरात शिरायचं तं आधी झाडून घ्याया नको?"

होणाऱ्या सासूला नाही म्हणायची हरेशची छाती नव्हती. फाइल कशी पुसायची ते त्याने दाखवलं, प्रोग्रामने मध्येच काही विचारलं तर हे बटण दाबा म्हणून सांगितलं, माउस त्यांच्या हाती दिला आणि बारकूशेठबरोबर उंबऱ्यावर नारळ फोडायला गेला. नारळ चिवट निघाला.

झाडलोटीत सकुबाईंचा हात धरणारं टोकावड्यात कोणी नव्हतं. आतली खोली लोटायची आणि ओटी तशीच ठेवायची, हे त्यांना जन्मात जमलं नसतं. कुठल्या बाणावर टिचकी मारली की फोल्डरच्या बाहेर येता येतं, ते त्यांनी हरेशचं बघून ठेवलं होतं. त्या बाहेर आल्या आणि बघतात तर हा पसारा. तो हनुमानचा होता, त्यात समाजातली सगळी उपवर मुलं-मुली नांदत होती, हे त्या माउलीला कुठून कळणार? त्यांनी पदर खोचला आणि एका कडेने सगळं लोटून दिलं. प्रोग्राम काहीतरी विचारत होता, त्या बटण दाबत होत्या.

हरेश खोबरं चावत आत आला तर उजवी बाजू लख्ख. मामींच्या कामाचं त्याला फार कौतुक वाटलं. त्या कौतुकात आपण आतल्या फोल्डरमध्ये नसून बाहेर उभे आहोत, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. त्याने डावीकडच्या फाइली उचलून उजवीकडे सोडल्या. त्या क्षणापासून वधूवरांच्या वेबसाइटवर जो जाईल त्याला एकच स्थळ दिसू लागलं, भाकरी थापणारी रंजिता.

रविवारी किन्हवलीची जीप आली. मागोमाग आसनगावची, मग थेट कल्याणची. मुलगी बघायला आलेली माणसं हात हलवत कशी जातील? प्रत्येकाला मुलीच्या हातची भाकरी खाऊन बघायची होती, आणि नुसती भाकरी कोण खातं? कोंबड्या कमी पडू लागल्या. हनुमान भांडायला आला. त्याने स्थळांची दुसरी प्रत ठेवली नव्हती. वर इंटरनेटवर आहेत तर खाली आपल्या कॉम्प्युटरवर कशाला, असा त्याचा हिशेब. बारकूशेठनी त्याला गावठी कोंबडीच्या रश्शासमोर बसवलं. ताट संपेपर्यंत त्याचा राग निवळला आणि नवी स्थळं जमेपर्यंत हेच पान राहू दे, असं तोच म्हणाला.

हरेशने मग धीर करून विषय काढला. "मामा, गिऱ्हाईक तं आलं. आता लग्नाचं?"

"आता कसं, रे? पोरीचं ठरलं तं या जिपा कशाला येतील? थांब जरा."

आपल्याच हाताने आपण आपलं लग्न मोडलं, असं वाटून हरेशला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. त्याच आठवड्यात रंजिता क्लासला आली ती तडक त्याच्या खुर्चीत बसली.

"सर, प्रोग्राम उघडा."

तिने आपल्या फोटोशेजारी हरेशचा फोटो लावला आणि खाली लिहिलं, की बारकूशेठ व सौ. सकुबाई यांच्या कन्येचं लग्न ठरलं आहे, सर्वांनी सहकुटुंब जेवायला यावं.

"तुझ्या बाबांनी बघितलं म्हंजे?" हरेशने दाराकडे बघत विचारलं.

"ते कुठं बघतात? जे बघतात तेच येऊन सांगतील." आणि तिने पान डावीकडून उचलून उजवीकडे ठेवलं.

पुढच्या रविवारी जिपा दुप्पट आल्या. सगळ्यांच्या हातात नारळ आणि टॉवेल-टोपी. जो उतरेल तो बारकूशेठना मिठी मारून जावई चांगला शोधलात म्हणायचा. समाजातली एवढी थोर माणसं समोर असताना हे खोटं आहे असं म्हणायची सोय नव्हती. कोणीतरी तारीख विचारली. बारकूशेठ डाव घेऊन रश्शाच्या पातेल्याकडे वळले, तेव्हा सकुबाईंनीच अक्षय तृतीया सांगून टाकली. झाडताना आडवा न येणारा जावई त्यांना पहिल्या दिवसापासून पसंत होता. त्या दिवशी आणि लग्नातही सगळे जेवून गेले, आणि बिल मागायची बारकूशेठना सोय उरली नाही.

लग्नानंतर हनुमानचा निरोप आला. नवी स्थळं जमली होती, जागा मोकळी करून हवी होती. हरेश प्रोग्राम उघडत होता, एवढ्यात सकुबाई लेकीला भेटायला क्लासमध्ये आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि पदर खोचला.

"सरका, जावईबापू. मी झाडते."

हरेशने आधी फोनची वायर उपटली आणि मग सासूबाईंच्या पाया पडला.