नर्सबाईंची भीती मास्तरांना लागली

“समोरच्याच्या मनात शिरणं हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे, वहिनी,” मास्तर म्हणाले. “आतापर्यंत शिरलो नाही, कारण तिथे बघण्यासारखं काही नसतं.”

वहिनींनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. गाडी शिकवायची ही शाळा वहिनींच्या मालकीची होती आणि मास्तर तिथे शिकवत. पगार वहिनी द्यायच्या आणि लोक पळवून लावायचं काम मास्तर फुकट करायचे.

“भाऊजी, परवा तो प्राध्यापक रडत उतरला.”

“मी फक्त विचारलं, आधी म्हशी हाकायचात का म्हणून.”

“ते बंद. शिकणाऱ्याला काय वाटतंय ते विचारायचं. त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघायचं. आज नर्सबाई येतायत, फार घाबरतात. त्यांनी शाळा सोडली तर तुम्हीही सोडलीत असं समजा. मग घरी बसा तुमच्या दादांबरोबर, दिवसभर टीव्हीवर क्रिकेट बघत.”

मास्तरांना क्रिकेट आवडायचं. दादांबरोबर बघणं मात्र कोणालाच झेपत नसे.

नर्सबाई आल्या आणि स्टिअरिंग असं धरून बसल्या, जणू सोडलं तर ते उडून जाईल. शेजारच्या सीटवर, पायाशी स्वतःचा वेगळा ब्रेक असलेले मास्तर बसले. त्यांनी घसा साफ केला आणि मऊ आवाज काढला. हा आवाज त्यांनी याआधी एकदाच, लग्नाच्या बोलणीत वापरला होता.

“नर्सबाई, आत काय वाटतंय?”

“उतरून पळून जावंसं वाटतंय.”

“का बरं?”

“माझी सगळी नोकरी अपघात विभागात गेली, मास्तर. तुम्हाला रस्त्यावर गाड्या दिसतात. मला पुढच्या आठवड्यातले पेशंट दिसतात.”

एरवी मास्तर इथे काहीतरी झणझणीत बोलले असते. पण त्यांना दादा आठवले. “सांगा, मोकळेपणी सांगा,” ते म्हणाले. “मी तुमच्या जागी बसून ऐकतोय.”

नर्सबाईंनी पहिला गिअर टाकला, गाडी गोगलगायीसारखी निघाली आणि त्या सांगू लागल्या. ही चाकं आहेत ना, ती एवढ्याएवढ्याशा नटांवर असतात. ते नट ज्याने आवळले त्याचं त्या दिवशी बायकोशी वाजलं असेल तर? त्याचं लक्ष कुठे असेल?

“नसेल लक्ष,” मास्तर म्हणाले.

“आणि समोरून येणारा आपल्या बाजूने राहील, हे कशावरून? मधे असतो तो नुसता पांढरा रंग. रंगाने कोणी थांबतं का, मास्तर?”

मास्तरांनी उभं आयुष्य रस्त्यावर काढलं होतं. पण त्या पट्ट्याकडे या नजरेने त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. नुसता रंग होता. मधेमधे तर तोही उडाला होता. त्यांनी दाराची मूठ घट्ट धरली. मोठ्या चौकात समोरून बस वळली, आणि मास्तरांनी दोन्ही पाय एकत्र करून आपला ब्रेक दाबला. गाडी चौकाच्या बरोब्बर मधे बंद पडली.

“मास्तर, पाय काढा.”

“नाही.”

“अहो, का?”

“नट,” मास्तर म्हणाले.

चारी बाजूंनी हॉर्न सुरू झाले. वाहतूक पोलीस शिट्टी फुंकत आला.

“काय ताई, शिकताय वाटतं? घाबरू नका.”

“मी शिकतेय. घाबरलेत ते.”

पोलिसाने वाकून मास्तरांना पाहिलं. “मास्तर, तुम्ही? रोज जाता की इथून. सोडा ब्रेक.”

“साहेब,” मास्तर अगदी आपुलकीने म्हणाले, “तुम्ही दिवसभर गाड्यांच्या मधोमध उभे असता. तुमच्या आजूबाजूला काय आहे? नुसता रंग. तुम्हाला आत काय वाटतं?”

हे पोलिसाला आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्याने पायाखालच्या पट्ट्याकडे पाहिलं. अंगावर येणाऱ्या टेम्पोकडे पाहिलं. मग तो शिट्टी तोंडात तशीच धरून फुटपाथवर चढला आणि खांबाला टेकून उभा राहिला. आता चौकात कोणाचाच कोणाला धरबंध राहिला नाही. एक बस आडवी झाली, तिच्यामागे टेम्पो तिरका झाला, आणि मोटारसायकलवाले उरलेल्या फटी बुजवू लागले.

नर्सबाईंनी सगळीकडे एकदा नजर फिरवली. त्यांचा चेहरा बदलला. वॉर्डात एकदम दहा पेशंट आले की होतो, तसा.

“मास्तर, लांब श्वास घ्या. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही. डोळे मिटा. शहाणे आहात ना?”

मास्तर शहाणे झाले. श्वास धरून ठेवण्याच्या नादात पाय सैल पडले. नर्सबाईंनी त्यांना दंडाला धरून मागच्या सीटवर नेलं, आडवं केलं आणि पायांखाली स्वतःची पर्स दिली. मग पुढे बसल्या, किल्ली फिरवली आणि खिडकीतून हात काढून बसवाल्याला म्हणाल्या, “ओ दादा, मागे घ्या. पेशंट आहे आत.” बस मागे गेली. टेम्पो सरळ झाला. नर्सबाई दुसऱ्या गिअरवर गेल्या, तिसऱ्यावर गेल्या, आणि शाळेच्या फाटकाशी गाडी अशी उभी केली की वहिनींच्या हातातला चहा हललासुद्धा नाही.

“हे काय? भाऊजी आडवे का?”

“असा मास्तर बघितला नाही मी,” नर्सबाई भारावून म्हणाल्या. “माझी सगळी भीती त्यांनी स्वतःकडे घेतली. उद्या माझ्या बहिणीलाही आणते. ती जिन्यालाही घाबरते.”

त्या पर्स घेऊन गेल्या. वहिनींना भरून आलं. “भाऊजी, नोकरी पक्की. उद्यापासून सगळे घाबरट तुमच्याचकडे. आता तेवढी गाडी आत घ्या.”

“मी नाही,” मागून आवाज आला.

वहिनी ओरडणार होत्या. पण आपणच घातलेला नियम. त्या स्वतः गाडीत बसल्या, किल्ली फिरवली आणि मायेने म्हणाल्या, “बरं, मीच घेते. पण तुम्हाला नक्की वाटतंय तरी काय?”

मास्तर उठून बसले आणि सांगू लागले. वहिनी “हं, हं” करत ऐकत होत्या. नटांपर्यंत त्यांचा हात स्थिर होता.

फाटकाचा उजवा खांब पडला. शाळेची पाटी त्याच्यावरच होती.