इंजिनाचं आवतण

लातूर स्टेशनाजवळ चौथऱ्यावर उभ्या असलेल्या नॅरोगेजच्या जुन्या वाफेच्या इंजिनाला आमचे शेजारी मन्मथअप्पा रोज संध्याकाळी हळद-तूप चोळतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा चोळून त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात ना, अगदी तसं. बैलाला हे सुख वर्षातून एकदा, इंजिनाला बारमाही. ते इतकं पिवळं झालंय की तुळजापूरला निघालेले काही भाविक त्यालाच नारळ फोडून परस्पर घरी गेले.

अप्पा याच इंजिनावर फायरमन होते. त्याची शिट्टी वाजली की तिकडे देवणीत गाई पान्हा सोडायच्या, असं ते सांगतात. मी यात फक्त गाईंची संख्या वाढवत असतो. अप्पांना घाई खपत नाही. चहा मागा, "वाफ धरू द्या की." लेकीचं लग्न जमेना तेव्हाही हेच. शेवटी जावई मिळाला, तर त्याच्या पोटावर दोन टिचक्या मारून म्हणाले, "बायलर चांगला हाय."

मला ते इंजिनात चढू देतात, पण ड्रायव्हरच्या जागेवर बसू देत नाहीत. स्वतःही कोळशाच्या बाजूला उकिडवे बसतात. "ती जागा धरलेली हाय," एवढंच बोलतात.

चार वर्षांपूर्वी बातमी आली की इंजिन नांदेडला एका बागेत नेणार. अप्पांचं जेवण तुटलं. म्हणजे पाच भाकरींवरून तीनवर आले. क्रेन आली ती नेमकी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी. सोबतचे साहेब देवणीकडच्या शेतकरी घरातले. अप्पा हळदीच्या हातांनी आडवे आले.

"आत्ताच आवतण दिलंय सायेब. आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. जेवल्याबिगर कसं नेता?"

आवतण दिलेला बैल दावणीतून कोण हलवणार? क्रेन रिकामी परत गेली.

दुसऱ्या संध्याकाळी आली, तर पुरणपोळी दाखवून अप्पांनी पुन्हा हळद चोळलेली.

"अप्पा, पोळा झाला की आता," साहेब म्हणाले.

"झाला की. पर जेवून उठलेल्या पाव्हण्याला पुन्ना या म्हणत न्हाईत व्हय तुमच्यात?"

साहेबांनी क्रेन पुन्हा माघारी वळवली. चार वर्षं झाली, ती अजून आलेली नाही. क्रेनवाला मात्र सात पोळ्या खाऊन गेला. तेव्हापासून रोज हळद, रोज आवतण, आणि इंजिन जागच्या जागी.

परवा मी मुद्दाम अप्पांच्या मागोमाग वर चढलो. त्यांनी डबा सोडला. एक भाकरी स्वतःपुढे घेतली, दुसरी त्या रिकाम्या जागेवर ठेवली. तिथं हमीदचाचा बसायचे, त्यांचे ड्रायव्हर. सगळी नोकरी दोघं एकाच डब्यात जेवले. चाचांना जाऊन कैक वर्षं झाली.

अप्पांनी त्या जागेला हळदीचं बोट लावलं.

"चाचा, आज आवतण घ्या. उद्या जेवायला या."

मग भाकरीला हात न लावता ते कोळशाच्या बाजूला उकिडवे वाट बघत बसले. वाफ धरत असावी.