सोजरमावशींच्या माहेरवाशिणी

थंडी पडली की आमच्या शेजारच्या सोजरमावशी परसात शेगडी पेटवतात. पाणी तापवायला नाही, हात शेकायलाही नाही. कपडे वाळत घालायच्या तारेवर चिमणीएवढं एक तपकिरी पाखरू येऊन बसतं, त्याची तांबूस शेपटी सारखी थरथरत असते, त्याच्यासाठी.

"मावशी, ते पाखरू लांब उत्तरेच्या बर्फातून येतं," मी एकदा समजावून पाहिलं. "त्याला आपल्या पुंडलिकनगरची थंडी काय वाजणार?"

"थंडीनं नाय गं थरथरत," मावशी आवाज खाली आणून म्हणाल्या. "सासरी लई जाच दिसतोय तिला. बोलून दाखवत नाय बिचारी."

"मग शेगडी कशाला?"

"माहेरी आलेल्या लेकीला ऊब नको व्हय?"

मी आपली भाजी निवडत बसले.

मावशींचा मुलगा शेंद्र्याला कंपनीत पाळीवर जातो, सून मनीषा घरीच शिवणकाम करते, आणि घरामागचं वीतभर परस हा मावशींचा मुलूख. हिवाळ्यात बाहेरून येणारी पाखरं त्यांच्या लेकी. बारा महिने इथेच असणारे बुलबुल म्हणजे सुना. सातभाईंचा थवा उतरून कलकलाट करायला लागला की मावशी तोंड फिरवून आत जातात. "भावकी आली. आता वाटणीवरनं भांडत बसतील दुपारपातूर." बुलबुलांना रात्रीची शिळी भाकरी मिळते. "सुनांचं काय, रोजच्याच की त्या," हे वाक्य त्या मनीषाच्या देखत म्हणतात, आणि आतून शिवणयंत्राचा आवाज एकदम वाढतो.

थरथरीला, म्हणजे त्या शेपटीवालीला, भाकरी चालत नाही. तिला किडे लागतात. म्हणून मावशी सकाळी कुंड्या हलवून ठेवतात, ओला पाचोळा उलटा करतात आणि लांब पाट टाकून बसतात. थरथरीने टुणकन उडी मारून अळी उचलली की मावशींची मान पुढे जाते. तिने गिळली की इकडे मावशी आवंढा गिळतात. मीही तिथे जाऊन बसते. पाठीवर ऊन घ्यावं आणि एक पाखरू पोटभर जेवताना बघावं, याच्यासारखं सुख मला तरी दुसरं ठाऊक नाही. माझ्यासारख्या बडबडीला एवढा वेळ गप्प बसवणं माझ्या नवऱ्यालाही जमलेलं नाही.

एकदा डासांवर धूर मारणारा माणूस यंत्र घेऊन गल्लीत आला. मावशी फाटकात आडव्या उभ्या राहिल्या.

"अम्मा, हटो. मच्छर मारने का है."

"डास माझ्या लेकीचं जेवण हाय. तुझ्या बहिणीच्या ताटात असा धूर सोडशील का रं बाबा?"

तो बिचारा विचारात पडला आणि पुढच्या गल्लीत निघून गेला. तो हिवाळा आम्ही सगळ्यांनी खाजवत काढला.

मग एका वर्षी तपकिरीच्या जागी काळंभोर, तांबूस पोटाचं पाखरू आलं. माझ्या नवऱ्याने फोनवर चित्रं ताडून बघितली आणि जाहीर केलं की हा नर आहे. मला वाटलं, आता सापडल्या मावशी.

"मंग जावई हायेत," मावशी पदर डोक्यावर घेत म्हणाल्या. "ती अडकली असंल बाळंतपणात, म्हणून यांना धाडलं." त्या वर्षी त्या परसात मोठ्याने बोलल्यासुद्धा नाहीत.

दिवाळी झाली की आमच्या गल्लीतल्या बायकांची माहेरी जायची गडबड उडते. मला न्यायला फर्दापूरहून माझे वडील, अण्णा, एसटीने येतात. लेकीला न्यायला येणाऱ्या माणसाला आमच्याकडे मुराळी म्हणतात. माझी पन्नाशी उलटली, दारात स्कूटी आहे, पण अण्णा फेटा बांधून येणार म्हणजे येणार. अशा वेळी कुणी मावशींना विचारलं, "तुम्ही नाही का जात माहेरी?" तर उत्तर तयार असायचं. "मी कशी जाऊ बाई? माझ्याच लेकी यायच्यात." सगळ्या हसायच्या आणि तो विषय तिथेच संपायचा.

यंदा दिवाळी गेली तरी थरथरी आली नाही. शेगडी रोज पेटत होती, तार मोकळी होती, आणि मावशींचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. अण्णा आले त्या दुपारी मावशी आमच्याकडे चहाला बसल्या होत्या. अण्णांनी सहज विचारलं, "बाई, तुमचं माहेर कुठलं?"

मावशींनी सवयीने खिडकीतून तारेकडे पाहिलं. आज सांगायला लेकी नव्हत्या.

"आमच्या बाची मेंढरं होती," त्या म्हणाल्या. "दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर घालून चाऱ्याच्या मागं निघायचा. आज इथं, उद्या तिथं. बाकीच्या पोरींला मुराळी यायचे, तवा माझं माहेर कुठल्या रानात असंल, मलाच ठाव नसायचं. मला कोण नेणार, आन् कुठं?" मग कप खाली ठेवून हसल्या. "आता तर कुणीच ऱ्हायलं नाय. म्हणून म्हणलं, पाखरांला तरी एक ठिकाण असावं."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. अण्णा मात्र गार झालेला चहा पीत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फेटा बांधून मावशींच्या दारात उभे. मुराळ्याने सासूची परवानगी घ्यायची असते. इथे न्यायचं होतं सासूलाच, म्हणून अण्णा मनीषाकडे वळले.

"सूनबाई, तुझ्या सासूला न्यायला आलोय. चार दिवस धाडतीस का?"

मनीषाने गळ्यातली मोजायची टेप काढली, पदर खोचला आणि सासूच्या थाटात म्हणाली, "न्या. पण लवकर आणून सोडा. इथं कामं पडलीत."

"आन् शेगडी?" मावशींनी विचारलं.

"मी पेटवीन, आत्या."

मावशी लुगडं बदलायला आत गेल्या त्या लवकर बाहेरच येईनात. आमची पहिली गाडी चुकली.

फर्दापूरला माझी आई त्यांना ऊन पडलेल्या ओट्यावर बसवून केसांना तेल लावत होती, तेव्हा मनीषाचा फोन आला. थरथरी आली होती, तारेवर बसली होती, आणि आता काय करू म्हणून मनीषा घाबरीघुबरी झाली होती.

मावशींनी मिटलेले डोळे उघडलेसुद्धा नाहीत.

"तिला म्हणावं, बस जरा," त्या म्हणाल्या. "माय माहेराला गेलीय."