मेंढरांच्या दिवशी जाहलेली चेंडूची लढाई

स्वस्ति. समुद्रवलयांकित, धुकेमंडित, मेंढरसंपन्न अशा फेरो बेटांचे ठायी, शरदाचे अखेरीस, जे समयी वारा छपरांवरील गवतास शेंडी धरून ओढितो आणि घरोघरी मांस वाळविण्याच्या कोठ्या झाडून ठेवितात, ते समयी बायकांच्या हँडबॉलची जी थोर लढाई जाहली, तिचा साद्यंत मजकूर लिहून ठेवावा, म्हणजे पुढे लेकीसुनांस कळेल की आपल्या आज्यांचे हात काय होते, ऐसी आज्ञा तोर्शावन नगरीच्या क्रीडागृहातील मुदपाकखान्याच्या मुखत्यार, वाफलाधिपती, अखंडितकॉफीअलंकृत मालानमावशी यांणी केली. आज्ञा मोडल्यास कॉफी बंद, ऐसेही फर्माविले. सबब सेवक निरुपाय होऊन लिहिता जाहला.

मुलूख लहान. सारी रयत एके ठिकाणी उभी केली तरी परमुलखातील एका शहराचा बाजार भरावयाचा नाही. मेंढरे मात्र माणसांहून अधिक, आणि त्यांचा तोराही अधिक. ऐशा मुलखाने फौज उभी करावी कैसी, तर जिला दोन हात आहेत आणि शनिवारी सुट्टी आहे ती शिलेदार, असा शिरस्ता पडला. सेनापती बेर्गुर, हे आठवडाभर शाळेत भूगोल शिकवीत आणि परमुलूख किती मोठे आहेत हे त्यांस इतरांहून अधिक ठाऊक, सबब नेहमी चिंतेत असत. कप्तान रान्वा, पेशाने सुतारीण, उजवा हात म्हणजे तोफ. आणि किल्ल्याची, म्हणजे जाळ्याची, राखण किल्लेदारीण सुन्नुवाबाई यांजकडे. या बाई परिचारिका. बेटावरील झाडून साऱ्या दंडांस त्यांची सुई परिचित, त्यामुळे गावात त्यांस जो तो वाट देई.

सुन्नुवाबाईंनी उमेदीची सारी वर्षे जाळ्यात काढिली, मोठमोठ्या मुलखांचे तोफगोळे अंगावर घेतले, परंतु युरोपच्या अजिंक्यपदाची थोरली स्वारी त्यांस एकदाही घडली नाही. आता गुडघा जाबसाल करू लागला. यंदाची ही अखेरची लढाई जिंकली तर थोरल्या स्वारीत प्रवेश. बरोबरी जाहली तरी गनीम जाणार आणि बाईंनी कायमचे घरी बसावयाचे, ऐसे त्यांणी सेनापतीस सांगोन टाकिले होते. सांगताना हसल्या. मग गाडीत बसोन एकट्या रडल्या, हेही लिहिणे प्राप्त आहे.

गनिमाचे नाव लिहीत नाही. मुलूख मोठा, आणि आपले मासे विकत घेतो.

लढाईचा दिवस शनिवार, वेळ सायंकाळची. पंधरवडाभर पाऊस कोसळत होता. तों शनिवारी पहाटे आभाळ उघडले आणि डोंगर शेंड्यापर्यंत दिसू लागला, आणि सारे फेरोकर आनंदले, मात्र सुन्नुवाबाईंचे काळीज धसकले. कारण ऐसे की, त्यांचे तीर्थरूप, डोंगरमुखत्यार तुम्मासजी, यांजकडे गावच्या मेंढरांची हाकणी होती. डोंगरावरील सारी मेंढरे शरदात एकदा खाली आणोन वाड्यात कोंडावयाची, आणि ती कोणते दिवशी, हे पंचांग ठरवीत नाही, आभाळ ठरविते. ज्या घराचा डोंगरात हिस्सा त्या घराने एक माणूस पाठविलेच पाहिजे, हा कायदा राजांहून जुना. सुन्नुवाबाईंचे दोघे बंधू जहाजावर गेलेले. मुखत्यार स्वतः या मोजणीत धरीत नसतात. घरी उरली एक ती, आणि एक तिचा गुडघा.

बाईंनी अर्ज केला. अर्जावर हुकूम जाहला तो असा:

"डोंगराला तुझी मॅच कळत नाही, पोरी."

"बाबा, ही शेवटची आहे माझी."

"दर वेळी शेवटचीच असते. आणि मला एक सांग, त्या चेंडूला लोकर येते का?"

"नाही येत."

"मग? बूट घाल."

हा लोकरीचा सवाल तुम्मासजी लेकीस ती शाळेत असल्यापासून पुसत आले होते आणि त्यावर आजवर कोणासही जबाब सुचला नव्हता. बाईंनी बूट घातले, आणि डोंगराचे पायथ्यावरून सेनापतीस दूरध्वनी केला.

"सर, मला यायला जरा उशीर होईल."

"जरा म्हणजे किती?"

"मेंढ्यांना विचारून सांगते."

हे ऐकोन सेनापती बेर्गुर खुर्चीत बसले ते उठेनात. मग कप्तान रान्वा यांणी मसलत केली की, किल्लेदारीण डोंगरावर अडकली असेल तर फौजेनेच डोंगरावर जावे, हात वाढले की हाकणी लवकर उरकेल, आणि बाईंस सोडवोन आणावे. सेनापतींनी मनाईचा हुकूम काढिला, लढाईचे दिवशी कोणी डोंगर चढत नसते, ऐसे बजाविले. परंतु हुकूम पुरा होईतों फौज मोटारींत बसली होती, सबब सेनापतीही मागोमाग निघाले. वाटेत समुद्राखालील भुयार लागते आणि भुयाराचे पोटात वळसा-चौक आहे. तेथे चिंतेचे भरात सेनापती दोन वेळा गोल फिरले आणि मग वाट सापडली.

डोंगरावर हंगामा जाहला तो काय वर्णावा! राष्ट्राची फौज एका ओळीत पसरली, हात फैलावले, गुडघे वाकविले, आणि बचावात जैसी सरकते तैसी कड्याकड्याने सरकू लागली. मेंढरांनी ऐसा मोर्चा कधी पाहिला नव्हता. कळप खाली वळला आणि दोन प्रहरी काम होणार, इतक्यात समुद्राकडून धुके आले आणि एक काळी मेंढी, अनुभवी आणि कपटी, ओळ फोडून परत चढू लागली. सुन्नुवाबाई आडव्या जाहल्या. मेंढीने मान डावीकडे टाकिली, बाई डावीकडे झेपावल्या, आणि मेंढी उजवीकडून निघोन गेली. बाई चिखलात.

"घाई! तुला घाई फार!" तुम्मासजी धुक्यातून गरजले. "तिची मान कशाला बघतेस? मानेनं ती थापा मारते. पाय बघ, पाय! कुठं रोवलाय ते बघ आणि थांब. ती हलेपर्यंत तू हलू नकोस."

दुसरे खेपेस बाई थांबल्या. मेंढीने मान डावीकडे टाकिली, डोळे डावीकडे फिरविले, बाई जागच्या हलल्या नाहीत. मग पाय उजवीकडे रोवला आणि बाईंनी उजवीकडेच तिला कवेत घेतली. मग रान्वा आणि मंडळींनी एकेक हट्टी मेंढी शिंगास, लोकरीस धरोन, काखेत मारोन वाड्यात कोंबली. ओढ्यात हात बुचकळले, तुम्मासजींचे गाडीत आणि मोटारींत कोंबाकोंबी करोन बसले, आणि फौज तोर्शावनास कूच करिती जाहली. तुम्मासजी गाडी हाकीत होते. पोचविणार आणि परतणार, ऐसा त्यांचा इरादा. परंतु दारात मालानमावशींनी अडविले.

"तुम्मास, बूट काढ आणि आत ये. उभ्या जन्मात लेकीचा खेळ बघितला नाहीस. लाज वाटते का थोडी?"

"वाफल आहे का?"

"रुबार्बच्या मुरंब्यासकट आहे."

यावर तह जाहला. तुम्मासजी, क्रीडागृहाच्या शिरस्त्याप्रमाणे बूट दाराशी ठेवोन, हातविणीचा स्वेटर आणि मोजे यांनिशी पुढच्या बाकावर विराजमान जाहले.

शिट्टी जाहली आणि अनर्थ ओढवला. या खेळात बोटांस राळ लाविण्याचा शिरस्ता असतो, तेणेकरोन चेंडू हातास धरतो आणि जोरात फेकिता येतो. फौजेने राळ लाविली, आणि चेंडू साबणाच्या वडीसारखा निसटू लागला. रान्वाबाईंनी तोफ रोखिली तों गोळा मागल्यामागे पडला. दुसरीने चेंडू दिला तो गनिमाचे हातीच दिला. आणखी राळ लाविली, ती गोळा होऊन खाली गळाली. गनीम थोर, लांबहाती, शिस्तीचा; त्यांणी गोलांमागून गोल केले. एकट्या सुन्नुवाबाई किल्ला लढवीत होत्या, कारण किल्लेदारास राळ लागत नाही, आणि त्या नसत्या तर काय जाहले असते हे लिहवत नाही. तरी मध्यंतर जाहले तेव्हा सात गोलांची पिछाडी होती, आणि सेनापती भिंतीशी बोलत होते.

फौज मुदपाकखान्याचे दाराशी पाणी पिण्यास उभी राहिली. मालानमावशींनी रान्वाचे हाती पेला दिला, तो निसटला. मावशींनी तिचा हात धरला, चोळला, नाकाशी नेला.

"अगं, हा हात आहे की मेंढी?"

तेव्हा उलगडा जाहला. लोकरीत एक ओशट मेण असते. सारी सकाळ मेंढरे उघड्या हातांनी धरल्याने ते मेण हातांत मुरले होते आणि त्यावर राळ बसेना. ओढ्याच्या थंड पाण्याने ते काय जाणार? वास्तविक यांतील प्रत्येकीने लहानपणापासून मेंढरे धरिली, परंतु हाकणी आणि हँडबॉल एके दिवशी करण्याचा वेडेपणा आजवर कोणीच केला नव्हता. सुन्नुवाबाईंचा चेहरा उतरला.

"माझ्या मेंढ्यांपायी बुडलो सगळे," त्या म्हणाल्या. "तुम्ही आला नसता तर बरं झालं असतं."

"मेंढ्यांचं नाव काढू नकोस ताई," रान्वा म्हणाली, "मला भूक लागते."

तुम्मासजी मोज्यांनिशी धावत आले. लोकर धुण्यातले ज्ञान त्यांसही होते.

"आमची आजी लोकर शिळ्या मुतानं धुवायची. लख्ख निघायची."

"तुम्मास, ते साठवायला आता वेळ नाही. तू किटली उचल."

मग मावशींनी मोहीम हाती घेतली. मोरीत कढत पाणी ओतविले, त्यात धुण्याचा सोडा आणि भांड्यांचा साबण मुठीमुठीने टाकिला, विणकाम मंडळाच्या झाडून साऱ्या बाया प्रेक्षकांतून बोलाविल्या, आणि एकेकीने एकेक शिलेदार मनगटास धरोन घासावयास घेतली. यांत कोणाची आई, कोणाची आत्या, कोणाची सासू. "बोटांच्या मधे घास!", "नखं केवढी वाढवलीस!", "आई, भाजतंय!", "भाजू दे, गोल कर!" ऐसा कल्लोळ जाहला. सेनापतींनी व्यूहाविषयी चार शब्द बोलावे म्हणोन तोंड उघडिले, तों त्यांचे हाती टॉवेल दिला गेला. फौज बाहेर पडली तेव्हा हात उकडल्या खेकड्यांसारखे लाल होते, आणि कोरडे ठणठणीत.

उत्तरार्धात राळ धरली. रान्वाबाईंचा पहिला गोळा सुटला तो गनिमाची किल्लेदारीण पाहतच राहिली. मग तोफेमागून तोफ, आणि सुन्नुवाबाईंनी छातीने, मांडीने, एकदा चक्क कानाने चेंडू अडविले, आणि सात गोलांचे अंतर वितळत वितळत सरले, आणि अखेरचे मिनिटास फेरोकरणी एका गोलाने पुढे गेल्या. क्रीडागृहात एकमेकांचे नातलग नसलेली दोन माणसे नव्हती. ती सारी बाकांवर उभी राहिली. तुम्मासजी सर्वांआधी.

तों वेळ संपता संपता गनिमाची खासी गोलंदाज पाडली गेली आणि पंचांनी पेनल्टी दिली. घड्याळ संपले. आता ती एकटी, समोर सुन्नुवाबाई एकट्या, आणि एक फेक. गोल जाहला की बरोबरी, बरोबरी जाहली की सर्व संपले. गुडघा ठणकत होता. सवयीने बाईंनी गोलंदाजणीचे डोळे पाहिले. डोळे डावीकडे गेले, मान डावीकडे गेली, खांदाही डावीकडे झुकला, आणि आजवर त्या ऐशा वेळी झेपावत आल्या होत्या.

बाकांवरून एक आवाज आला, डोंगरावरचा.

"पाय बघ, पोरी!"

बाई थांबल्या. पाय उजवीकडे रोवलेला होता. हात सुटेपर्यंत त्या हलल्या नाहीत, मग दुखरा गुडघा उजवीकडे असा फेकिला की जणू तो दुसऱ्या कोणाचा, आणि चेंडू नडगीवर आपटोन वर उडाला आणि खाली येतां बाईंनी तो दोन्ही हातांनी कवटाळिला.

पुढील गोंगाट लेखणीत मावत नाही. रयतेने हात धरोन साखळी केली आणि पाय आपटीत नाच आरंभिला. सेनापती टॉवेलात तोंड खुपसोन रडत होते. सुन्नुवाबाई लंगडत बाकापाशी गेल्या आणि चेंडू तीर्थरूपांचे हाती दिला.

"घ्या. खेळणार आहे मी अजून वर्षभर. शेवटची नव्हती ही."

तुम्मासजींनी चेंडू घेतला आणि लहान कोकरू धरितात तैसा छातीशी गच्च धरला, बराच वेळ. मग परत द्यावयास गेले तों निघेना. ओढला तेव्हा चरचर आवाज करीत सुटला. चेंडूवर खेळभराची राळ, आणि राळेवर स्वेटराची करडी लोकर, चहूबाजूंनी, दाट. तुम्मासजींनी चेंडू उलटासुलटा करोन पाहिला. लेकीकडे पाहिले. डोळे भरोन आले होते.

"आली की गं," ते म्हणाले.

येणेप्रमाणे अठ्ठावीस विरुद्ध सत्तावीस अशी फत्ते जाहली आणि थोरल्या स्वारीची वाट मोकळी जाहली, हे दफ्तरी नमूद असावे. हाकणीस जो राबला त्यास मांसाचा हिस्सा, या कायद्याने साऱ्या फौजेचे वाटे तुम्मासजींचे कोठीत वाऱ्यावर टांगिले आहेत. स्वारीस बरोबर जातील. चेंडू त्यांचे शेजारी टांगिला आहे, लोकर काढिलेली नाही. आणि डोंगरमुखत्यार पुढील हाकणीचा दिवस ठरविताना आता आधी आभाळ पाहतात, मग लेकीस पुसतात. मजकूर पुरा. कॉफी पोचली.