बाबागाडीतली लिंबोणी

दुपारी दोन्ही मुलं एकदाची झोपली होती, आणि घरात अशी शांतता पसरली होती की भिंतीवरच्या घड्याळालाही टिकटिक करायचा संकोच वाटावा. तेवढ्यात ओट्यावरून दूध पावडरीच्या डब्याचं झाकण पडलं. पडलं तर पडलं, पण ते लगेच गप्प बसलं नाही. फरशीवर गरागरा फिरत, आधी संथ, मग घाईघाईने खणखणत, साऱ्या घराला आपण पडल्याची वर्दी देऊन मगच ते आडवं झालं. थोरलीने डोळे उघडले. धाकट्याने तोंड उघडलं. डबा रिकामा आहे हे आतापर्यंत फक्त आईला माहीत होतं. आता तिघांनाही कळलं.

दुकानात जायचं म्हणजे बाबागाडी हवी. गाडी दिसायला साधीच होती. एक चाक कुरकुरायचं, टपाचं कापड विटलं होतं. पण धाकटा झोपायचा तो फक्त तिच्यातच. पाळण्यात नाही, मांडीवर नाही, बापाच्या खांद्यावर तर नाहीच नाही. गाडी ढकलत दोन गल्ल्या फिरलं की त्याची मान कलंडायची, थोरली झोपाळ्याकडे पळायची, आणि मग बागेतल्या बाकावर जो काही वेळ मिळायचा तेवढाच अख्ख्या दिवसात आईचा स्वतःचा असायचा. त्या वेळात ती काही थोर करत नसे. चार पानं वाचायची, नाहीतर नुसतीच समोर बघत बसायची. पण तेवढ्यावर उरलेला दिवस निभायचा.

जिन्याखाली गाडी नव्हती.

तळमजल्यावरच्या शिंपीकाकांनी सुईत दोरा ओवत सांगितलं की सकाळी पोलिसांची माणसं आली होती, त्यांनीच नेली. काकांची दाराबाहेरची खुर्चीसुद्धा नेली. काका तिच्यावरून नुकतेच पाणी प्यायला उठले होते.

"आणि तुम्ही अडवलं नाहीत?" तिने विचारलं.

"सूनबाई, कुंपणाने शेत खाल्लं तर शेताने कुंपणाला जाब विचारायचा असतो का?" काका म्हणाले, आणि पुन्हा यंत्र चालवू लागले. उभ्याने.

काखेत धाकटा आणि बोटाला थोरली अशी ती पोलीस ठाण्यात पोचली. ठाणं ओळखू येत नव्हतं. भिंतींना हिरवा रंग दिला होता आणि दारावर फलक होता: 'कचरा कमी, कागद कमी, तक्रार कमी.' ठाणे अंमलदारांनी तिला आदराने बसायला सांगितलं. बसायला काही नव्हतं. खुर्च्या बागेत गेल्या होत्या.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अडचण समजावून सांगितली. चोरी नोंदवायची तर चोर अज्ञात लागतो. इथे तो ज्ञात आहे. शिवाय ठाण्याने पर्यावरण वाचवायचं व्रत घेतलं असल्यामुळे प्रत्येक तक्रारीचा आता धूर मोजला जातो. तक्रार झाली की जीप निघते, जीप निघाली की धूर निघतो.

"एका बाबागाडीसाठी तुम्ही केवढं आभाळ काळं करायला निघालात, याचा विचार केलाय का, ताई?"

तिने केला नव्हता. तिला उगाचच अपराधी वाटलं. अंमलदार भले गृहस्थ होते. त्यांनी ते लगेच ओळखलं आणि तिला मागच्या अंगणात, लोकसहभाग व शाश्वतता कक्षाकडे पाठवलं.

मागच्या अंगणात आता बाग होती. शिंपीकाकांच्या खुर्चीच्या बैठकीतून शेवंती वर आली होती. कुणाच्या हेल्मेटात पुदिना होता, कुणाच्या प्रवासी बॅगेत कोरफड. आणि मधोमध, चुन्याने रंगवलेल्या दगडांच्या वर्तुळात, बाबागाडी. गाडीत माती, मातीत लिंबोणीचं रोप, रोपाला पट्टा बांधलेला. थोरली आनंदाने ओरडली, "आई, सापडली!"

कक्षाच्या समन्वयक मॅडमना तर तिच्याहून जास्त आनंद झाला. "म्हणजे दात्या तुम्हीच. आम्ही सकाळपासून शोधतोय."

"मी दिली नाहीये. जिन्याखाली ठेवली होती."

"बेवारस होती."

"बेवारस कशी? माझ्या मुलाची आहे."

"मूल आत होतं का?" मॅडमनी मायेने विचारलं. "नव्हतं. मूल नसलेली बाबागाडी म्हणजे व्याख्येनुसार बेवारसच."

रोप काढून गाडी परत द्या, एवढंच तिचं मागणं होतं. पण ते रोप मोठ्या साहेबांच्या हस्ते लागलं होतं. ते उपटणं म्हणजे वृक्षतोड, आणि वृक्षतोडीची तक्रार मात्र ठाण्यात ताबडतोब घेतली जात होती. त्यासाठी जीपही तयार ठेवली होती. तिचा पडलेला चेहरा पाहून मॅडमनी मधली वाट काढली. लिंबोणीला ऊन लागतं, ऊन सरकतं, तेव्हा गाडीही सरकवली पाहिजे. हवालदारांकडून ते जमत नव्हतं. एकाने तर मघाशीच वळणावर लिंबोणी सांडली होती. अशा कामाला अनुभवी माणूस हवं. "आणि अनुभव तर तुम्हाला आहेच."

अशा रीतीने तिची रोपसखी म्हणून नेमणूक झाली. नवऱ्याने रात्री सल्ला दिला की पोलिसांशी वाकड्यात शिरू नये, आणि निदान गाडी नजरेसमोर तरी राहतेय ना. तो स्वतः गाडीच्या नजरेसमोर कधी नसायचा, त्यामुळे त्याला हे पटणं सोपं होतं.

मग रोज दुपारी ती ठाण्यात जाऊ लागली. धाकटा काखेत, थोरली पदर धरून, आणि पुढ्यात लिंबोणी. धाकटा आपल्या गाडीकडे हात पसरून रडायचा, रडून दमला की कुरकुरणाऱ्या चाकाच्या तालावर तिच्या खांद्यावरच झोपायचा. झोपायचा, पण तिला बसता येत नसे. ऊन पुढे सरकलेलं असायचं. कंबर अशी धरायची की रात्री कूस बदलताना ती भिंतीला हात टेकायची.

अंगणावर ठाण्याची सावली पडू लागली तसं लिंबोणीला रस्त्यावर न्यायचं ठरलं. रस्त्यावर जायचंच आहे तर रोपसखीला हिरवं जाकीट दिलं गेलं, आणि तिच्या फेरीची धूरविरहित गस्त म्हणून नोंद होऊ लागली. पूर्वी बायका गाडीत डोकावून "किती गोड गं" म्हणायच्या. त्या अजूनही डोकावायच्या आणि अजूनही तेच म्हणायच्या. फक्त आता त्यांना पानं दिसायची. काखेतल्या मुलाकडे बघून एकीने विचारलं, "आणि हा कोण?"

त्या दिवशी तिने ठरवलं की बस झालं. ठाण्याला आदर्श हरित ठाण्याचा मान मिळाला होता, मोठे साहेब स्वतः यायचे होते. तिथे सगळ्यांसमोर बोलायचं. भांडी घासताना तिने वाक्य घोटलं: साहेब, ही गाडी माझ्या मुलाची आहे, ती मला परत हवी. कढईला ते पाठ झालं. थोरलीलाही झालं.

समारंभाला सगळा मोहल्ला होता. साहेब सुरेख बोलले. लोक आणि पोलीस यांच्यातली दरी लोकांनीच भरून काढली, असं म्हणाले. तक्रारी शून्यावर आल्या, जीप जागची हलली नाही, आभाळ निवळलं. एवढं बोलून ते थांबले आणि हात जोडून म्हणाले, "तरीही कुणाची काही तक्रार असेल, तर मोकळेपणाने सांगा. हे ठाणं तुमचंच आहे."

तिने घसा खाकरला आणि बळ यावं म्हणून आजूबाजूला पाहिलं. शिंपीकाका शेवंतीकडे बघत होते. निवृत्त मास्तर आपल्या बॅगेतल्या कोरफडीकडे. हेल्मेट गेलेला तरुण पुदिन्याकडे. प्रत्येक जण आपापल्या वस्तूसमोर उभा होता, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच आशा होती, की दुसरं कुणीतरी बोलेल. तिच्याकडे वळलेल्या नजरा तिला दिसल्या. मग तिचीही नजर, नकळत, शेजारच्या बाईकडे वळली.

"बघा," साहेब म्हणाले, "शून्य."

टाळ्या वाजल्या. आधी अंमलदारांनी वाजवल्या, मग मॅडमनी, मग काकांनी, मग सगळ्यांनीच, आणि जरा जास्तच जोरात. धाकटा एका हातावर असल्याने तिला धड टाळी वाजवता येईना, म्हणून तिने त्याच्या मांडीवर हात आपटला. साहेबांनी ते पाहिलं आणि खास तिच्याकडे बघून मान डोलावली. तिला बरं वाटलं. वाटलं, हे तिलाही नाकारता आलं नसतं.

परतताना जिन्याजवळ आल्यावर थोरलीने आईचं बोट सोडलं, जिन्याखालच्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली आणि तिथून विचारलं,

"आई, गाडी आपली होती ना? खुर्ची काकांची, बॅग मास्तरआजोबांची. मग टाळ्या पोलिसांनी वाजवायच्या की आपण?"